खांद्याचं माप

छावणीची भिंत डाव्या हाताला सुरू झाली तेव्हा ऊन कोवळं होतं. आता ते चांगलं तापलं तरी भिंत काही संपेना. मास्तर पाचव्यांदा थांबले, पिशवी या काखेतून त्या काखेत घेतली आणि भिंतीवर लावलेल्या काचांकडे बघत उभे राहिले.

"टेकायचं का जरा?" मी विचारलं.

"टेकलो तर उठेन का, सांगता येत नाही. गुडघ्यांचं नाही म्हणत मी, बाई."

बस पाण्याच्या टाकीपर्यंतच येते. तिथून पुढे फौजेचा रस्ता, त्यावर आपल्यासारख्यांच्या गाड्यांना बंदी. मुख्य फाटक तासाभराच्या चालीवर, मास्तरांच्या चालीने दोन तास. त्यांच्या पिशवीत मापवही होती आणि माझ्या पिशवीत मी लिहून दिलेला त्यांचा अर्ज. अर्ज एका पानाचा होता. तो दिला की त्यांचं चाळीस वर्षांचं काम जाणार होतं, आणि नाही दिला तर आमच्या वरच्या मजल्यावरची वहिनी तुरुंगात जाणार होती. हे दोघांनाही ठाऊक होतं, त्यामुळे बोलणं फारसं होत नव्हतं. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत चालले होते.

मास्तर म्हणजे शिंपी. गल्लीत त्यांना लहानथोर सगळे मास्तर म्हणतात, आणि मी शाळेत शिकवायचे म्हणून मला बाई. "मी शाळा न पाहिलेला मास्तर आणि या शाळा सोडलेल्या बाई," हा त्यांचा जुना विनोद. नवं गिऱ्हाईक आलं आणि मी दुकानात असले की हमखास ऐकवायचे. त्या दिवशी रस्त्यात एकदाही ऐकवला नाही.

त्यांचं दुकान म्हणजे एक खोली. दोन मशिनं, त्यातलं एक चालू आणि दुसरं पहिल्याला सुटे भाग पुरवण्यापुरतं. समोर उभा आरसा, त्याचा उजवा खालचा कोपरा उडालेला, त्यामुळे गिऱ्हाइकाला आपला एकच बूट दिसायचा. आरशाच्या वर काचेच्या चौकटीत परवाना. फौजेची वर्दी शिवायला छावणीचा परवाना लागतो. शहरात असे शिंपी चार. "त्यातले जिवंत दोघं, आणि दुसऱ्याला दिसत नाही," मास्तर म्हणायचे.

परवान्याची अट एकच. वर्दीच्या कापडाला हात लावण्याआधी ओळखपत्र बघायचं आणि त्याचा नंबर मापवहीतल्या शेवटच्या रकान्यात उतरवायचा. यात मास्तर कुणाचं ऐकत नसत. केस पिकलेल्या एका साहेबांना त्यांनी माझ्यादेखत परत पाठवलं होतं.

"मास्तर, वीस वर्षं येतोय मी तुमच्याकडे."

"मी ओळखतो हो साहेब तुम्हाला. माझी वही नाही ओळखत."

साहेब बडबडत गेले आणि कार्ड घेऊन परत आले. मग बाहीच्या घडीवरून अर्धा तास वाद घातला. मास्तर खुशीत. खरा फौजी शिंप्याशी भांडतो, असं त्यांचं म्हणणं. त्याला उद्या कवायतीत कुणीतरी पट्टी लावून मोजणार असतं. तो आरशात बघतो ते कॉलर बघायला, तोंड बघायला नाही.

आता वहिनीचं सांगते. तिचा नवरा कॅप्टन होता. या प्रकरणाच्या चार वर्षं आधी डोंगरातल्या रस्त्यावर फौजेची गाडी दरीत गेली, त्यात गेला. त्याच्या सगळ्या वर्द्या मास्तरांनीच शिवलेल्या. एक वर्दी वहिनीने कपाटात ठेवली होती आणि खिशात त्याचं ओळखपत्र. माणूस गेल्यावर कार्ड परत करायचं असतं. तिने केलं नाही. कार्डावरच्या फोटोत कॅप्टन हसत होता. असल्या फोटोत कुणी हसत नाही, याला कुणीतरी हसवलं असणार. तो फोटो तिला देववेना, एवढंच कारण. पोटाला म्हणून ती घरी शिलाईची कामं करायची, पडदे, उशांचे अभ्रे, कुणाचे फाटके कपडे. वरून मशीनचा आवाज आला की मला बरं वाटायचं.

कॅप्टन गेल्यावर साडेतीन वर्षांनी तिच्याकडे एक मेजर आला. साध्या कपड्यांत, बारीक केस, बुटांत तोंड दिसेल असं पॉलिश. दारातच म्हणाला, "वहिनी, मी त्याच्याबरोबर होतो." कॅप्टनच्या कुत्र्याचं नाव त्याला माहीत, त्याचं आवडतं गाणं माहीत, लग्नाची तारीख माहीत. हे सगळं वहिनीनेच फोनवर फोटोंखाली लिहून ठेवलं होतं आणि ते जगाला दिसत होतं, हे फार उशिरा लक्षात आलं. तो म्हणाला, पेन्शन चुकीची बसलीय, दुरुस्तीला मूळ कार्ड लागेल. आणि पलटणीच्या दालनात त्याची वर्दी काचेत ठेवायचं ठरतंय. वहिनीने स्वतः इस्त्री करून वर्दी दिली. कॉलरला हात लावून म्हणाली होती, "सांभाळून न्या हं."

पाच महिन्यांनी एका दुपारी जिन्यात अनोळखी माणूस उभा दिसला. कुठल्याशा गोदामावर पहारेकरी होता, त्याच कपड्यांत आलेला. मी वहिनीकडेच बसले होते.

"कॅप्टनसाहेब आहेत का?"

मीच पुढे होऊन म्हटलं, "साहेब चार वर्षांपूर्वी गेले, दादा."

"असं कसं? गेल्या महिन्यात माझ्या घरी चहा प्यायले. मुलाला भरतीत घेतो म्हणाले. घर गहाण टाकलंय मी." त्याने फोन पुढे केला. त्यात ओळखपत्राचा फोटो होता. नाव कॅप्टनचं, नंबर कॅप्टनचा, पत्ता याच घराचा, तोंड दुसऱ्याचं. पुढच्या फोटोत तेच तोंड वर्दी घालून पहारेकऱ्याच्या मुलाच्या खांद्यावर हात टाकून उभं.

"हा तर तो मेजर," वहिनी म्हणाली आणि पायरीवर बसली.

पहारेकरी तिच्याकडे बघत राहिला. "म्हणजे तुम्ही ओळखता याला."

हे एक वाक्य मग पोलीस ठाण्यात गेलं. अशी फसलेली अकरा घरं निघाली. सगळ्यांनी कार्ड पाहिलं होतं, वर्दी पाहिली होती, आणि छावणीत फोन करून त्या नंबराची चौकशी करायचं एकालाही सुचलं नव्हतं. पोलिसांनी फोटो मोठा करून बघितला. वर्दी त्या भामट्याच्या अंगावर अशी बसली होती की जणू त्याच्यासाठीच शिवलेली. कॅप्टन रुंद माणूस, हा अरुंद. मग त्याच्या मापाची करून कुणी दिली? वहिनीच्या घरात शिलाई मशीन. छावणीने दोन्ही परवानेवाल्या शिंप्यांना पत्र पाठवून विचारलं, हा कार्डनंबर तुमच्या वहीत आहे का. दोघांचं उत्तर आलं, नाही. मग काय राहिलं? वहिनीची पेन्शन थांबली. तपासाला आलेले हवालदार मशीनचं झाकण उघडून, सुईला बोट लावून म्हणाले, "चांगला हात आहे हो तुमचा." जाताना मशीन जप्त करून घेऊन गेले. त्या दिवसापासून वरून मशीनचा आवाज यायचा बंद झाला.

मी मास्तरांकडे गेले ते माझ्या पिशवीची चेन दुरुस्त करायला. बोलता बोलता वहिनीचा विषय निघाला. पहारेकऱ्याने पाठवलेला तो फोटो माझ्या फोनमध्ये होता, तो दाखवला. मास्तर गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे कधी बघत नाहीत. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि खांद्यावर नेला, तिथून बाहीच्या जोडावर. बराच वेळ फोन तसाच धरून बसले.

"काय झालं?"

"दुकान बंद करायचंय, बाई."

"अकरा वाजलेत नुसते."

"हो. चेन उद्या देतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे. चेन लावून आणली होती. काखेत मापवही.

"अर्ज लिहून द्याल? माझ्याविरुद्ध लिहायचाय."

त्या वेळी जेमतेम कामापुरतं सांगितलं. बाकीचं त्या भिंतीच्या कडेने चालताना सांगितलं, तेही तुकड्या तुकड्याने.

"आत आला तेव्हा वर्दी कव्हरमध्ये होती," मास्तर म्हणाले. "मी सवयीने म्हटलं, साहेब, कार्ड. तो म्हणाला, आधी वर्दी तर बघा. मी कव्हर काढलं, कॉलर उलटवली. मी शिवलेल्या प्रत्येक वर्दीत कॉलरखाली तीन तिरपे टाके असतात, काळ्या दोऱ्याचे. कुणाला दिसत नाहीत. ते होते तिथे. माझेच. मी विचारलं, माझ्याकडेच शिवलेली का ही? तर म्हणतो, तुमच्याशिवाय कुणाकडे जाणार, मास्तर?"

"आणि तुम्ही मानलंत."

"सुखावलो हो. इतक्या वर्षांचं कापड, एक टाका हललेला नाही. माझाच टाका बघितला आणि मला वाटलं, हेच याचं कार्ड. शेवटचा रकाना तसाच राहिला." त्यांनी पिशवी पुन्हा काखेत सरकवली. "माप घेताना म्हटलं, बारीक झालात साहेब. म्हणाला, सीमेवर खायला काय मिळतं. दोघं हसलो. तो काही भांडला नाही. तुम्हाला ठीक वाटेल तसं करा म्हणाला. आरशात नुसतं स्वतःचं तोंड बघत होता. तेव्हाच कळायला पाहिजे होतं."

"आणि छावणीचं पत्र आलं तेव्हा?"

"त्यांनी नंबर विचारला. मी नंबराच्या रकान्यावरून बोट फिरवत गेलो. तो नंबर नव्हता. नाही, असं लिहून पाठवलं. खोटं नव्हतं ते. रकाना रिकामा आहे हे बोटाला जाणवलंसुद्धा नाही. त्या माझ्या 'नाही'वर वहिनींचं मशीन जप्तीत गेलंय."

एक फौजी ट्रक आमच्या बाजूने गेला. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो.

"परवा रात्रभर वही उघडी होती समोर," मास्तर म्हणाले. "कार्डाचा नंबर आता मला पाठ आहे. लिहिला असता तर मी नियमात बसलो असतो. कार्ड बघितलं होतं, वाचताना चुकलो म्हटलं असतं. म्हातारा म्हणून सोडलं असतं. पेनाचं टोपण काढलं होतं मी."

"मग?"

"शाई वेगळी दिसली असती."

वीसेक पावलांनंतर ते आपणहून म्हणाले, "शाईचं कारण नव्हतं ते."

फाटकावर आम्हाला तासभर बाकावर बसवलं. पहाऱ्यावरचा जवान मास्तरांना ओळखत होता. "काय मास्तर, आज उलटीच गंगा? आम्ही येतो तुमच्याकडे." मास्तर हसले आणि सवयीने त्याच्या खांद्यावरचा पट्टा सरळ केला. आत एका तरुण अधिकाऱ्याने अर्ज दोनदा वाचला. मास्तरांनी वहीची दोन पानं उघडून त्याच्यासमोर ठेवली. पहिल्या पानावर कॅप्टनचं माप, खांदा साडेअठरा, बाही चोवीस, शेवटी नंबर. दुसऱ्या पानावर खांदा सतरा, बाही पंचवीस, शेवटी काही नाही.

"माणूस बारीक होऊ शकतो," अधिकारी म्हणाला.

"पोट उतरतं साहेब. मान उतरते, दंड उतरतात. खांद्याचं हाड दीड इंच आत जात नाही. आणि हात लांब होत नाहीत."

"हे तुम्हाला तेव्हा कळलं नव्हतं?"

"हाताला कळलं होतं. म्हणून तर लिहिलंय. मी वर मान करून बघितलं नाही."

अधिकाऱ्याने त्या माणसाचं सगळं विचारून घेतलं. मास्तरांना चेहरा नीट सांगता येईना, पण अंग सांगता आलं. डावा खांदा अर्धा इंच खाली. उजवं मनगट जाड, कधीतरी मोडून बसलेलं. उभा राहिला की भार डाव्या पायावर. अधिकारी लिहीत गेला. 'तो एकटा आला, वर्दी स्वतःची म्हणून सांगितली, बदल दुकानात माझ्या हाताने झाला,' हेही त्याने मास्तरांच्या शब्दांत लिहून घेतलं. वर सांगितलं, पुन्हा कुणी वर्दीतला माणूस पैसे किंवा कागद मागायला आला तर त्याच्याशी हुज्जत घालू नका, नाव, पलटण आणि नंबर लिहून घ्या आणि आधी इथे कळवा. मग पेन खाली ठेवलं.

"मास्तर, हे दाखल केलं की परवाना मला काढून घ्यावा लागेल. माझ्या हातात नाही ते."

"आणलाय." पिशवीतून चौकटीसकट परवाना निघाला. तो त्यांनी कधी उतरवला, मला माहीत नव्हतं.

परतीच्या वाटेवर पिशवी हलकी झाली होती, तरी ते तिला दोन्ही हातांनी धरून चालले होते.

वहिनीवरचा आरोप महिनाभरात गेला. पेन्शन सुरू व्हायला आठ महिने लागले. कार्ड परत केलं नाही म्हणून तिला लेखी समज मिळाली, ती तिने घडी करून कॅप्टनच्या फोटोमागे ठेवली. तो भामटा सापडला नाही. तीन गावं सोडून एका लॉजच्या खोलीत वर्दी मिळाली, दारामागच्या खुंटीला टांगलेली. ती आता पोलिसांकडे, खटला होईपर्यंत. आणि खटला, तो माणूस सापडेल तेव्हा. पहारेकऱ्याचं घर गेलं. मुलगा कुठेतरी कामाला निघून गेलाय, बापाचा फोन घेत नाही. भरतीच्या नावाने गावभर पेढे वाटून बसलेला बाप होता, मुलाचं तरी काय चुकलं म्हणायचं? मी रोज प्रार्थनेत त्या दोघांची नावं घेते. याहून मला काही करता आलेलं नाही.

वहिनी मास्तरांशी बोलत नाही. त्यांच्यामुळे ती सुटली हे तिला कळतं. मी एकदा विषय काढला तर म्हणाली, "बाई, त्यांनी माझ्या माणसाची वर्दी कापली आणि त्या भामट्याच्या अंगावर चढवली. दुसरं काहीही सांगा." मी पुन्हा विषय काढला नाही. देव माफ करतो, पण ते काम तो आपल्यावर लादत नाही, असं मला वाटतं.

परवान्याच्या जागी भिंतीवर फिकट चौकोन उरला. वर्षभर मास्तरांनी शाळेचे गणवेश शिवले. मग हाताला कंप सुटला. सुईत दोरा जाईना, तेव्हा दुकान बंद करून ते घरीच पडून राहिले. गेल्या आठवड्यात भेटायला गेले तर उशाशी मापवही होती. सून चहा देऊन आत गेली.

"बऱ्या दिसताय बाई. शाळा सोडली ते बरं झालं तुमचं."

"आणि मास्तर तुम्ही?"

"माझं माप घ्यायची वेळ आलीय." मी रागावून बघितलं तर हसले. मग विचारलं, "वहिनी काय म्हणतात?"

मी चहाचा कप खाली ठेवला. त्यांनी हात वर केला.

"मला माहीत आहे. कापली असं म्हणतात. गल्लीतलं सगळं माझ्यापर्यंत येतं." त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. पानात काळ्या दोऱ्याचं रीळ ठेवलेलं होतं. "कापली नाही, बाई. एक इंचसुद्धा कापली नाही. चांगलं कापड होतं, कात्री लावायला मन होईना. जास्तीचं कापड, आम्ही माया म्हणतो, ते आत दुमडून वर शिलाई मारलीय. बाही लांब करायला घडीतलं कापड सोडलंय, ते परत आत जाईल. सगळं तिथेच आहे."

"त्यांना सांगू का असं?"

"सांगून काय होणार? ऐकायच्या नाहीत त्या. ऐकू पण नये." त्यांनी उशी सरकवून पाठ टेकवली. "खटला कधीतरी मिटेल. दहा वर्षांनी मिटेल. वर्दी घरी येईल. मी नसेन, आणि वहिनींनी ती तशी बघू नये, त्या माणसाच्या अंगाची. आधी तुम्ही हातात घ्या. साडेअठरा खांदा, चोवीस बाही, पान तुमच्याकडे आहे. तुम्हाला साधा धावदोरा येतो, मी बघितलाय. तेवढा पुरे. शिलाई उसवा आणि कॅप्टनच्या मापाला परत आणा."

मी वही मांडीवर घेतली.

"खांद्यापासून सुरू करा, बाई. बाहीला आधी हात लावू नका. आणि कॉलरखालचे तीन टाके माझे आहेत, ते मात्र काढून टाका."